टीकेवर कॉपीराइटचा बडगा

धर्मावर किंवा एखाद्या पंथावर टीका करणारी वेबसाइट बंद पाडायची असेल, तर बदनामीचा खटला हा लांबचा रस्ता आहे. मजकूर खोटा आहे का, ते मत आहे की आरोप, त्याने नुकसान झाले का, हे सगळे कोर्टात सिद्ध करावे लागते आणि त्यात वर्षे जातात. कॉपीराइटची तक्रार मात्र एका ईमेलने होते. टीकाकाराने पंथाचे पुस्तक, प्रवचन किंवा शिबिराची पुस्तिका उद्धृत केलेली असतेच. त्याशिवाय टीका करणार कशावर? त्या उताऱ्यावर बोट ठेवून ‘हा मजकूर आमच्या मालकीचा आहे’ असे कळवले की तो खरा की खोटा, हा प्रश्नच बाजूला पडतो.

शिवाय ही तक्रार लेखकाकडे जात नाही. वेबसाइट म्हणजे कुणाच्या तरी भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलेल्या फायली. तक्रार जाते ती सर्व्हरच्या मालकाकडे किंवा ती साइट शोधून देणाऱ्या गूगलसारख्या कंपनीकडे. म्हणजे भांडण भाडेकरूशी आणि नोटीस घरमालकाला. घरमालकाला धर्मचर्चेत रस नसतो. एका ग्राहकासाठी कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा त्याचे पान उतरवणे त्याला स्वस्त पडते. अशा वेळी साइट वाचते ती बहुधा तिच्या प्रती आधीच दुसऱ्यांच्या हाती पोचल्या असतील तर.

या प्रकारची सर्वांत मोठी आणि सर्वांत नीट नोंदली गेलेली लढाई सायंटॉलॉजी या अमेरिकी पंथाची आहे. विज्ञानकथा लिहिणारे एल. रॉन हबर्ड यांनी १९५०च्या दशकात तो स्थापन केला. पंथाची वरच्या पायरीची शिकवण गुप्त असते आणि तिथवर पोचायला अनुयायाला मोठमोठ्या रकमा मोजाव्या लागतात. साडेसात कोटी वर्षांपूर्वी झेनू नावाच्या आकाशगंगेच्या सत्ताधीशाने काय केले, याची कथा त्यातलीच. शिकवण विकत द्यायची असल्यामुळे ती चारचौघांत फुकट वाचली जाणे पंथाला परवडणारे नव्हते. या ग्रंथांचे हक्क सांभाळायला ‘रिलिजस टेक्नॉलॉजी सेंटर’ ही वेगळी संस्थाच आहे.

ही गुप्तता फुटली ती कोर्टाच्या कागदांतून. स्टीव्हन फिशमन या माजी अनुयायावर पंथाने कॅलिफोर्नियात दावा लावला होता. त्याने आपल्या प्रतिज्ञापत्राला गुप्त पाठांची पाने जोडली आणि ती न्यायालयाच्या खुल्या दप्तरात गेली. मग पंथाचे लोक रोज लॉस एंजेलिसच्या न्यायालयात जाऊन ती फाइल दिवसभर आपल्याकडेच वाचायला ठेवू लागले, म्हणजे दुसऱ्या कुणाला ती मिळू नये. हा उद्योग फार काळ पुरला नाही. १९९५च्या उन्हाळ्यात आर्नल्डो लर्मा या दुसऱ्या माजी अनुयायाने ते प्रतिज्ञापत्र इंटरनेटवर टाकले. ऑगस्टमध्ये त्याच्या घरावर छापा पडला आणि संगणक जप्त झाला.

लर्मा खटला हरला, हे सांगायला हवे. अख्खी प्रकरणे जशीच्या तशी टाकणे ही टीका ठरत नाही, असे न्यायालयाने मानले आणि अडीच हजार डॉलरची भरपाई ठोठावली. पण या प्रकरणाच्या बातमीमुळे ‘वॉशिंग्टन पोस्ट’लाही पंथाने कोर्टात खेचले होते. तो दावा फेटाळताना न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी पंथाच्या हेतूवर बोट ठेवले: कॉपीराइटचे रक्षण हे निमित्त, टीकाकारांची तोंडे बंद करणे हा उद्देश. एकाच प्रकरणातले हे दोन निकाल शेजारी ठेवले की कायद्याची मेख दिसते. हेतू वाईट असला तरी हक्क खरा असू शकतो.

अशा मजकुराच्या प्रती जपणाऱ्या स्वयंसेवकांचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले ते नेदरलँड्समध्ये. ५ सप्टेंबर १९९५ रोजी पंथाच्या सांगण्यावरून ‘एक्सएसफोरऑल’ या इंटरनेट सेवादार कंपनीच्या कचेरीत न्यायालयाचा बेलिफ येऊन थडकला. कंपनीच्या एका ग्राहकाने फिशमनचे प्रतिज्ञापत्र आपल्या पानावर ठेवले होते. त्याने ते काढले; पण छाप्याची बातमी पसरली तसे इतर लोक तेच प्रतिज्ञापत्र आपापल्या पानांवर ठेवू लागले आणि थोड्याच काळात अशी शंभराहून अधिक पाने झाली. मूळ साइटची हुबेहूब प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवणे याला संगणकाच्या परिभाषेत ‘मिरर’ म्हणतात. तंत्र म्हणून त्यात काही अवघड नाही: सगळ्या फायली उतरवून घ्यायच्या आणि वेगळ्या पत्त्यावर चढवायच्या. अवघड आहे ते पुढचे, म्हणजे नोटीस आली तरी पान न उतरवणे.

ते करणाऱ्यांत लेखिका कारिन स्पेंक होत्या. १९९६च्या सुरुवातीला पंथाने त्यांच्यावर आणि वीसहून अधिक सेवादारांवर दावा लावला. स्पेंक यांनी तेव्हा एक शहाणपणाची गोष्ट केली. आपल्या पानावरचे पूर्ण प्रतिज्ञापत्र काढून त्यांनी त्यातले निवडक उतारे ठेवले आणि त्यांवर भाष्य लिहिले. म्हणजे लर्मा जिथे अडकला, तो खड्डा त्यांनी चुकवला. मार्च १९९६चा पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला. १९९९चा संमिश्र होता. ज्या तक्रारीच्या खरेपणाबद्दल वाजवी शंका नाही, तिच्यावर सेवादाराने कारवाई केलीच पाहिजे, असे त्यात आले. ४ सप्टेंबर २००३ रोजी हेगच्या अपील न्यायालयाने पंथाचे सगळे दावे फेटाळले. या पाठांतून संस्थेची लोकशाहीविरोधी वृत्ती दिसते, ती लोकांना कळणे महत्त्वाचे आहे आणि इथे माहितीचे स्वातंत्र्य कॉपीराइटपेक्षा वजनदार ठरते, असा त्या निकालाचा आशय होता. पंथ सर्वोच्च न्यायालयात गेला, पण २००५मध्ये त्याने स्वतःच अपील मागे घेतले. छाप्यापासून शेवटापर्यंत दहा वर्षे गेली.

स्वीडनमध्ये झेनॉन पनूसिस याने याहून खोडकर वाट काढली. सरकारी कार्यालयात आलेला कागद कुणालाही पाहता येतो, हे तिथले जुने तत्त्व. त्याने पंथाच्या गुप्त पाठांची प्रत थेट संसदेकडे सादर केली. झाले, तो सार्वजनिक दस्तऐवज बनला.

अमेरिकेत १९९८च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याने (डीएमसीए) तक्रारीची रीत पक्की केली. तक्रार येताच मजकूर उतरवणाऱ्या कंपनीवर नुकसानभरपाईची जबाबदारी येत नाही. लेखक प्रतिनोटीस देऊ शकतो. मग तक्रारदाराने दावा लावला नाही, तर दहा ते चौदा कामाच्या दिवसांत मजकूर परत चढतो. कागदावर ही व्यवस्था समतोल वाटते. पण प्रतिनोटिशीत खरे नाव आणि पत्ता द्यावा लागतो आणि परदेशातल्या माणसाला अमेरिकी न्यायालयाचा अधिकार मान्य करावा लागतो. आंद्रेयास हेल्डल-लुंड या नॉर्वेच्या गृहस्थाला नेमकी हीच अडचण आली. तो १९९६पासून सायंटॉलॉजीवर टीका करणारी ‘ऑपरेशन क्लॅमबेक’ ही साइट चालवत होता. मार्च २००२मध्ये पंथाच्या तक्रारीवरून गूगलने तिची पाने शोधनिकालांतून काढली. साइट जागेवर होती, पण शोधणाऱ्याला सापडत नव्हती.

इंटरनेटवर ओरड झाली. गूगलने साइटचे मुखपृष्ठ शोधनिकालांत परत आणले आणि अशा तक्रारी ‘चिलिंग इफेक्ट्स’ या स्वयंसेवी संग्रहाकडे पाठवायला सुरुवात केली. काय काढले आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे त्यामुळे कुणालाही वाचता येऊ लागले. हा संग्रह वेंडी सेल्टझर या कायदेतज्ज्ञ बाईंनी २००१मध्ये सुरू केला होता. दरम्यान अनेकांनी आपापल्या पानांवरून हेल्डल-लुंडच्या साइटकडे दुवे दिले. गूगलचा क्रम दुव्यांवर बराच अवलंबून असल्याने साइट आधीपेक्षा वर गेली. त्याच वर्षी ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने मात्र तिच्या जुन्या प्रती आपल्या संग्रहातून हटवल्या, संग्रहालयही शेवटी कुणाचा तरी सर्व्हरच असते. २००८च्या सप्टेंबरमध्ये यूट्यूबवरच्या सायंटॉलॉजीविरोधी व्हिडिओंवर बारा तासांत चार हजारांवर तक्रारी आल्या, तेव्हा अनेकांनी प्रतिनोटिसा भरून आपले व्हिडिओ परत मिळवले.

भारताशी थेट नाते असलेला खटला २०१०चा. ‘आर्ट ऑफ लिव्हिंग’च्या अमेरिकी संस्थेने दोन ब्लॉगांविरुद्ध कॅलिफोर्नियाच्या संघराज्य न्यायालयात दावा लावला. माजी शिक्षक आणि अनुयायी तिथे टोपणनावांनी संस्थेवर आणि तिच्या गुरूंवर टीका करत होते. दाव्यात बदनामी होती, व्यवसायातले गुपित फोडल्याचा आरोप होता आणि शिबिराच्या पुस्तिकेचा कॉपीराइटही होता. खरी मागणी होती ती लिहिणाऱ्यांची नावे उघड करण्याची. न्यायाधीश लूसी को यांनी २०११मध्ये बदनामीचा भाग फेटाळला, कारण बहुतेक विधाने मत या सदरात मोडत होती. आणि वर्षअखेर नावे मागणारे समन्स रद्द केले. २०१२मध्ये तडजोड झाली. ब्लॉगांवर नवे लिहिणे थांबले, पण जुना मजकूर वाचकांसाठी तसाच राहिला आणि ब्लॉगवाल्यांच्या वकिलाचा खर्च संस्थेने उचलला. पुस्तिका मात्र ब्लॉगवरून आधीच उतरली होती. पुन्हा तेच: पूर्ण नक्कल टिकली नाही, टीका टिकली.

भारतीय कायदा काय म्हणतो? १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२नुसार टीका किंवा समीक्षेसाठी केलेला वाजवी वापर हा हक्कभंग नाही. २०१२च्या दुरुस्तीनंतर आणि २०१३च्या नियमांनुसार सेवादाराने लेखी तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत मजकूर रोखायचा आणि तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो परत खुला करता येतो. अमेरिकेसारखी प्रतिनोटिशीची सोय यात नाही, ही मोठी उणीव आहे. दुसरी गोम कलम ६२मध्ये आहे. एरवी दावा बहुधा प्रतिवादीच्या गावाकडे लागतो. कॉपीराइटचा दावा तक्रारदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा न्यायालयातही लावता येतो. बागलाण तालुक्यात नामपूरला बसून कुणी एखाद्या दिल्लीच्या बाबावर लिहिले, तर त्याला नाशिक नव्हे, दिल्ली गाठावी लागू शकते. तारखांचा प्रवासखर्चच लेखकाला गप्प करायला पुरेसा होतो. उलट बाजूने कलम ६० आहे: कुणी बिनबुडाच्या दाव्याची धमकी देत असेल, तर धमकी मिळालेला माणूस स्वतः न्यायालयात जाऊन ती निराधार ठरवून घेऊ शकतो. हे कलम फारसे कुणाला ठाऊक नसते.

मूळ धर्मग्रंथांवर मालकी नाही, हेही न्यायालयांनी सांगितले आहे. भगवद्गीतेवर कुणाचा कॉपीराइट नाही. पण इस्कॉनचे संस्थापक प्रभुपाद यांच्यासारख्यांनी लिहिलेल्या भाष्यावर आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३मध्ये काही वेबसाइटांविरुद्धच्या दाव्यात म्हटले. म्हणजे श्लोकावर टीका करणारा सुरक्षित, भाष्य जसेच्या तसे छापणारा अडचणीत.

महाराष्ट्रात धर्मचिकित्सेच्या सर्वांत महत्त्वाच्या लेखनावरही मालकीची सावली पडली होती, फक्त उलट दिशेने. इथे हक्क टीका झालेल्यांकडे नव्हता, टीकाकाराच्या वारसांकडे होता, आणि कागद कोर्टाकडे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी निधन झाले, तेव्हा त्यांची कितीतरी हस्तलिखिते अप्रकाशित होती. ती दिल्ली उच्च न्यायालयाच्या ताब्यात गेली आणि तिथून महाराष्ट्राच्या महाप्रशासकांकडे. पेट्या बंद होत्या. नागपूरचे वकील जे. बी. बनसोड यांनी उच्च न्यायालयात मागणी केली: मला छापू द्या, नाहीतर सरकारला छापायला सांगा. शासनाच्या प्रकाशन समितीचे वसंत मून यांनी वारसांची संमती मिळवली आणि १९८१मध्ये त्या पेट्या समितीच्या हाती आल्या. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ या ग्रंथाची सलग प्रत त्यांत नव्हती, सुटी प्रकरणे जुळवून ते उभे करावे लागले.

१९८७मध्ये ते शासनाने काढलेल्या आंबेडकरांच्या लेखनाच्या चौथ्या खंडात छापले गेले आणि राम व कृष्ण यांच्यावरच्या परिशिष्टावरून वादळ उठले. शिवसेनेने ते काढण्याची मागणी केली, शासन डगमगले. प्रकाशक सरकारच असल्याने वगळण्यासाठी बंदीचा हुकूमही लागला नसता; पुढच्या छपाईत पाने गाळली की काम झाले असते. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत निघालेल्या दलितांच्या विराट मोर्चाने ते होऊ दिले नाही. परिशिष्ट राहिले, त्याखाली शासन या प्रकरणातील मतांशी सहमत नाही अशी टीप आली.

लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी, म्हणजे २०१६च्या अखेरीस, आंबेडकरांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या लेखनावरचा कॉपीराइट संपला. त्याआधीच कोलंबिया विद्यापीठाच्या प्राध्यापिका फ्रान्सेस प्रिचेट यांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ची टिपांसह जालआवृत्ती तयार केली होती, परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर इंग्रजी खंडांच्या पीडीएफ आहेत. छापील खंडांची मात्र इतकी टंचाई झाली की २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वर्तमानपत्रातल्या बातमीवरून स्वतःहून दखल घेतली. ‘रिडल्स’ मात्र मृत्यूनंतर छापले गेल्याने कायद्याने त्याची साठ वर्षे १९८७च्या प्रकाशनापासून मोजली जातात; ते कुणीही छापावे, आपल्या साइटवर ठेवावे आणि त्या परिशिष्टाखालची शासनाची टीप ठेवायची की गाळायची हेही त्यानेच ठरवावे, ती वेळ अजून यायची आहे.