मळणी यंत्राचा पट्टा वेळीच बदला



चारठाणा-जिंतूर भागात सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या सुगीत मळणी यंत्राला उसंत नसते. पट्टा झिजला की पुलीवर घसरतो, ड्रमचे फेरे कमी होतात अन् यंत्र तुंबतं. तुंबलेला माल ढकलायला हात आत जातो आणि तिथंच घात होतो. म्हणून भेगाळलेला, दोरे सुटलेला पट्टा सुगीआधीच बदलावा.

१) इंजिन बंद करा. ट्रॅक्टरवर यंत्र चालत असेल तर चावी खिशात ठेवा.

२) जुन्या पट्ट्यावरचा नंबर दुकानात दाखवा. 'बी ६०' म्हणजे बी मापाचा, आतून ६० इंच लांबीचा पट्टा.

३) जोडीतला एकच बदलू नका. जुना ताणलेला असतो, सगळा भार नव्यावर येतो.

४) ताणाचे बोल्ट ढिले करून पट्टा हातानं बसवा. पहारीनं चढवला तर आतले दोरे तुटतात.

५) दोरी धरून दोन्ही पुल्या एका रेषेत आणा.

६) पुल्यांत १ मीटर अंतर असेल, तर मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर पट्टा साधारण दीड सेंटीमीटर दबावा. पहिल्या दिवसानंतर ताण पुन्हा तपासा.

७) पट्ट्याला तेल, ग्रीस लावू नका. जाळी बसवल्याशिवाय यंत्र चालू करू नका.

पट्टा बाजारात मिळतो, बोट मिळत नाही.