‘वय झालं’ म्हणून सोडून दिलेला थकवा

आई सत्तरीची असताना मंडईतून यायची आणि जिन्याच्या वळणावर भाजीची पिशवी खाली ठेवून कठड्याला टेकायची. पुढे पिशवी हलकी झाली, मग मंडईच सुटली. पोळ्याही ओट्याशी स्टूल ओढून बसून लाटू लागली. विचारलं की ठरलेलं उत्तर: “काही नाही रे, दमायला होतं जरा.” डॉक्टर म्हणाले, वय झालं. आम्हीही मान हलवली. वर्षभराने भलत्याच कारणासाठी रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन आठच्या आत!

ही गोष्ट २००१ ची. त्याच वर्षी अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हातारपणीच्या दुर्बलतेचे पाच निकष मांडले: घटलेलं वजन, ढिली पडलेली हाताची पकड, मंदावलेली चाल, कमी झालेली हालचाल आणि थकवा. थकव्याला यंत्र नव्हतं, दोनच प्रश्न होते. गेल्या आठवड्यात प्रत्येक काम रेटून करावं लागतंय असं किती दिवस वाटलं? आणि कामाला लागायची उभारीच नाही, असं किती दिवस झालं? आई स्टुलावर बसून हेच तर सांगत होती.

त्यानंतर आपल्याकडेही पुष्कळ झालं. २०१०-११ मध्ये ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आला. २०१७-१८ च्या ‘लासी’ या वार्धक्याविषयीच्या राष्ट्रीय पाहणीत पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांवर लोकांची माहिती घेतली गेली. पण २०१८ च्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ मोहिमेने लहान मुलं, किशोरवयीन, गरोदर व स्तनदा माता, प्रजननक्षम वयातल्या स्त्रिया असे सहा गट धरले; साठीपुढचा गट त्यात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीतही हिमोग्लोबिन मोजलं ते बायकांचं ४९ वर्षांपर्यंत, पुरुषांचं ५४ पर्यंत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्यांना आयुष्मान योजनेत ५ लाखांचं संरक्षण मिळालं, तेही रुग्णालयात दाखल झालं तर. दमलेलं म्हातारं माणूस दाखल कुठे होतं? ते घरातच एकेक काम सोडत जातं.

आईचं कारण सापडलं, औषध लागू पडलं. काही महिन्यांनी ती पुन्हा उभी राहून पोळ्या लाटू लागली. ते वर्ष मात्र वाया गेलं, याची रुखरुख मला आजही आहे.

तुमच्या घरात कुणी असं एकेक काम सोडत असेल, तर हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ आणि साखर तपासायला डॉक्टरांना सांगा. चालू गोळ्या सगळ्या त्यांच्यापुढे ठेवा. झोप लागते का, मन रमतं का, तेही विचारा. याच आठवड्यात विचारा.