रिम ठोकावी की बदलावी?

अंबडहून जालन्याला येताना एका खड्ड्यात आमच्या मोटारीचे पुढचे चाक जोरात आदळले. टायर शाबूत होता, पण रिमच्या कडेला पोचा आला होता आणि तिथून हवा हळूहळू निघून जात होती. गॅरेजमधल्या कारागिराने सांगितले, "साहेब, गॅसने तापवून दहा मिनिटांत सरळ करून देतो." आमच्यासोबतच्या शिक्षकमित्राने विचारले, "सरळ झाली म्हणजे दुरुस्त झाली का?" प्रश्न साधा आहे, पण उत्तरासाठी धातूच्या आत डोकवावे लागते.

एक यू-पिन घ्या. ती किंचित वाकवून सोडली की पूर्ववत होते. ही स्थितिस्थापकता. जास्त वाकवली की वाकलेलीच राहते, कारण धातूतील अणूंचे थर एकमेकांवरून कायमचे घसरलेले असतात. आता तीच पिन सरळ करा, पुन्हा वाकवा, पुन्हा सरळ करा. काही फेऱ्यांनंतर ती वाकण्याच्या जागी कडक होते आणि अखेर तुटते. वाकण्याची क्षमता ही धातूजवळची शिल्लक आहे. वाकताना ती खर्च होते आणि सरळ करतानाही खर्चच होते. आकार परत मिळतो, शिल्लक परत मिळत नाही.

मोटारींच्या रिम मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पोलादी रिम कमी कार्बनच्या पत्र्याची असते. अशा पोलादाजवळ ही शिल्लक भरपूर असते, म्हणून कडेचा लहानसा पोचा यंत्रावर दाबून काढता येतो. 'अलॉय व्हील' मात्र बहुधा ओतीव ॲल्युमिनियमचे असते. त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि थोडे मॅग्नेशियम असते. ओतल्यानंतर ते सुमारे ५४० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात निववतात आणि मग दीडशे अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. त्यामुळे धातूत मॅग्नेशियम व सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. हे कण थरांचे घसरणे अडवतात आणि चाकाला बळकटी देतात.

गॅसच्या ज्योतीने अशी रिम तापवली की हे कण मोठे आणि विरळ होतात व तेवढा भाग मऊ पडतो. शिवाय लोखंड लाल झाले की लोहाराला तापमानाचा अंदाज येतो. ॲल्युमिनियम लाल न होताच वितळू लागते, त्यामुळे कारागिराची नजर इथे उपयोगी पडत नाही. आम्ही त्याला नकार दिला तो याच कारणासाठी.

खरा धोका मात्र तड्याचा. टायरचा व्यास ६० सेंटिमीटर धरला, तर एका किलोमीटरमध्ये चाक सुमारे ५३० वेळा फिरते. जालना ते छत्रपती संभाजीनगर अंतर साधारण ६० किलोमीटर. म्हणजे एका खेपेत जवळजवळ ३२ हजार फेरे. प्रत्येक फेऱ्यात रिमच्या प्रत्येक भागावर ताण वाढतो आणि उतरतो. तड्याच्या टोकाशी तो कित्येक पटींनी एकवटतो आणि तडा कणाकणाने पुढे सरकतो. धातूच्या या थकव्याचा पद्धतशीर अभ्यास जर्मन अभियंता ऑगस्ट व्योलर याने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर केला. तरीही ३ जून १९९८ रोजी जर्मनीतील एशेडे येथे वेगवान आगगाडीच्या एका चाकावरची पोलादी धाव अशाच थकव्याने तुटली आणि १०१ माणसे मेली. तडा धावेच्या आतल्या बाजूने वाढला होता.

तडा शोधण्याची एक जुनी रीत शाळेतही दाखवता येते. टायर काढून रिम स्वच्छ करा. मोकळ्या जागी, विस्तवापासून दूर, तिला रॉकेल लावा. काही वेळाने कोरडे पुसून खडूची पूड पसरा. तड्यात शिरलेले रॉकेल बाहेर झिरपते आणि पुडीवर ओलसर रेघ उमटते. केशाकर्षणाचा हा चांगला धडा आहे. मात्र रेघ उमटली नाही म्हणजे तडा नाहीच, असे समजू नये.

आता निर्णय. पोलादी रिमच्या कडेला लहान पोचा असेल, तडा नसेल, आणि सरळ केल्यावर फिरवून पाहता तिची डगमग गाडीच्या पुस्तिकेतील मर्यादेत असेल, तर दुरुस्ती चालेल. नंतर बॅलन्सिंग करून घ्यावे. अलॉय व्हीलवर नुसता ओरखडा असेल तर काळजी नको. परंतु कोणत्याही रिमला तडा असेल, बोल्टची भोके लांबट झाली असतील, मधला भाग किंवा आरे वाकले असतील, तर ती बदलावी. वेल्डिंगने तडा झाकला जातो, पण शेजारचा धातू त्या उष्णतेने दुबळा होतो.

बैलगाडीची सैल धाव लोहार तापवून पुन्हा बसवत असे, तेव्हा लाकूड आणि लोखंड हे वेगळे भाग होते. एकसंध ओतलेल्या चाकात तशी सोय नाही. तरी बदललेली रिम वाया जात नाही. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार पोलाद वितळून त्याच्या सळया होतात. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवून वापरले, तर खनिजापासून बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. वितळल्यावर मात्र धातूची शिल्लक खरोखरच नव्याने भरते.

आमची रिम अलॉयची होती. रॉकेल आणि खडू लावल्यावर पोच्याच्या मागे बोटभर लांबीची रेघ उठली. कारागिराने ती स्वतः बोट फिरवून पाहिली आणि गॅसची नळी गुंडाळून ठेवली.