सांगाडा मूळचाच हवा

अभिजात स्पोर्ट्स कारची खरी ओळख चॅसीत, म्हणजे इंजिन, चाके व बॉडी ज्यावर तोलली जाते त्या सांगाड्यात असते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हीए' ही व्हिंटेज नोंदणी हवी असल्यास गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली असावी लागते. म्हणूनच गंजलेला भाग तेवढा कापून त्याच जाडीचा पत्रा वेल्डिंगने जोडणे, हे आख्खी चॅसी बदलण्यापेक्षा कितीतरी मोलाचे ठरते. सांगाड्यावर ठोकलेल्या चॅसी क्रमांकावर ग्राइंडर फिरवणे मात्र अक्षम्यच, कारण अंक पुसले गेले की नोंदणीच्या कागदांशी मेळ बसत नाही.