सिकलसेल : लोह जास्त, जस्त कमी, मध्ये सापडलेलं फुप्फुस

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या पट्ट्यातल्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांना सिकलसेल नवा नाही. हातपाय ठणकतात, डोळे पिवळे दिसतात, अंगात रक्त राहत नाही, हे कोणीही सांगेल. हा आजार फुप्फुसावर उतरतो, हे मात्र फारसं बोललं जात नाही. मोठ्या वयाच्या रुग्णांच्या मृत्यूमागे फुप्फुसाचा विकार हे एक प्रमुख कारण असतं. तो कसा होतो, हे नीट समजून घ्यायला हवं.

एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात आणि प्रत्येक रेणूत लोहाचे ४ अणू. म्हणजे एका पेशीत शंभर कोटींहून जास्त लोहाचे अणू. हे लोह जागेवर असेपर्यंत काम चोख चालतं. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या एका साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदललेलं असतं. तेवढ्यामुळे प्राणवायू सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते.

पेशी फुटली की लोह रक्तात मोकळं सुटतं. त्याला पकडायला शरीराकडे प्रथिनं असतात, पण पेशी रोजच फुटत राहिल्या की ती संपतात. मग मोकळं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडतं आणि त्यातून हायड्रॉक्सिल हा अतिशय दाहक मूलक तयार होतो. ही अभिक्रिया हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्येच नोंदवली होती. असे मूलक पेशींचं आवरण, प्रथिनं, डीएनए, जे समोर येईल ते जाळतात. ते आवरण्याची ताकद कमी पडते, त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात.

ही ताकद कमी का पडते, हा मला या आजारातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. या मूलकांची साखळी सुरुवातीलाच तोडणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) तांबं आणि जस्त दोन्ही लागतात. सिकलसेलमध्ये जस्त लघवीवाटे जास्त जातं. बिहारमधल्या बक्सरला जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले डॉ. आनंद प्रसाद यांनी १९७५ मध्ये या रुग्णांमधली जस्ताची कमतरता दाखवली. दुसरीकडे, सूज असली की रक्तातलं तांबं वाढतं. लोह मोकळं, जस्त कमी, तांबं जास्त, असा तिहेरी बिघाड होतो. संधिवातासारख्या, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा आजारांतही जस्त घटतं आणि तांबं वाढतं. संधिवातात काहींच्या फुप्फुसाला वण पडतात, त्यामागेही हा ताण असावा असं मानतात. सुरुवात वेगळी, पुढची वाट बरीचशी सारखी.

आणि फुप्फुसच का? सगळ्या शरीराचं प्राणवायू कमी झालेलं रक्त आधी तिथेच येतं. वाकलेल्या पेशी तिथल्या बारीक वाहिन्यांत अडकतात. मोकळं लोह वाहिनीच्या अस्तराला चेतवतं, अस्तर पाझरू लागतं आणि वायुकोशांत पाणी उतरतं. प्राणवायू कमी पडला की आणखी पेशी वाकतात, आणखी फुटतात. ताप, छातीत दुखणं, धाप आणि एक्स-रेमध्ये नवा डाग, अशी ही अवस्था काही तासांत बिघडू शकते. त्यात चुलीचा धूर भरलेलं घर असेल तर फुप्फुसावरचा भार वाढतोच.

उपाय आहेत. हायड्रॉक्सीयुरियाने गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं आणि पेशी कमी वाकतात. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या औषधाने छातीचे असे झटके जवळपास निम्म्यावर आले. ऑक्सिडेटिव्ह ताण कमी करणाऱ्या एल-ग्लुटामिनला अमेरिकेने २०१७ मध्ये मान्यता दिली. जस्ताच्या गोळ्यांबद्दलचे निष्कर्ष मात्र सगळीकडे सारखे आले नाहीत, म्हणून त्या मनाने सुरू करू नयेत. श्वासाच्या व्यायामासाठी दवाखान्यात मिळणारं तीन छोट्या चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र साधं दिसतं, पण कामाचं आहे. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की चेंडू वर चढतात. छाती किंवा पाठ दुखत असलेल्या भरती रुग्णाने जागेपणी दर २ तासांनी असे १० श्वास घेतले, तर फुप्फुसाचा खालचा भाग उघडा राहतो आणि झटका टळण्याची शक्यता वाढते.

रक्तवाढीच्या गोळ्यांबद्दल एक सांगायलाच हवं. चेहरा पांढरा दिसला की लोहाची गोळी, ही सवय सिकलसेलग्रस्ताला घातक ठरू शकते. त्याच्या अंगात, विशेषतः वारंवार रक्त चढवलं असेल तर, लोह आधीच साठलेलं असू शकतं. फेरिटीन (लोहाचा साठा दाखवणारं रक्तातलं प्रथिन) तपासून ते खरंच कमी असेल तरच गोळी द्यावी. फॉलिक ॲसिडला ही अट नाही. वाहकाची, म्हणजे सिकलसेलचं जनुक एकाच पालकाकडून मिळालेल्याची, गोष्ट वेगळी; त्याला लोह कमी असेल तर गोळ्या चालतात. गावपातळीवरच्या सोल्युबिलिटी चाचणीत द्रावण गढूळ झालं तरी वाहक की ग्रस्त, हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्या. आणि सिकलसेल असलेल्या मुलाला ताप येऊन छातीत दुखायला लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखान्यात न्या आणि दारातच सांगा, याला सिकलसेल आहे.