शिंपल्यातील विषाचा शोध

समुद्राचे पाणी ओंजळीत घेतले, तर ते निर्मळ भासते. परंतु त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवला, की त्यात नाना आकारांचे सूक्ष्म जीव तरंगताना दिसतात. त्यांपैकी पुष्कळसे जीव म्हणजे शैवाले होत. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने ती आपले अन्न स्वतः तयार करतात आणि समुद्रातील बहुतेक प्राण्यांचे जीवन अखेर त्यांच्यावरच अवलंबून असते. शैवालांच्या हजारो जाती आहेत. त्यांतील थोड्याच जाती विष निर्माण करतात; परंतु ते विष अन्नावाटे माणसापर्यंत पोहोचले, म्हणजे केवढा अनर्थ ओढवतो, याचा अनुभव कॅनडा देशाला १९८७ साली आला.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ प्रिन्स एडवर्ड नावाचे बेट आहे. तेथील उपसागरांच्या शांत पाण्यात मसल नावाच्या शिंपल्यांची शेती केली जाते. गोव्याच्या किनाऱ्यावर ज्यांना शिनाणे म्हणतात, त्यांच्याच कुळातील हे प्राणी होत. १९८७ च्या नोव्हेंबर महिन्यात हे शिंपले खाल्लेल्या कित्येक लोकांना एकाएकी उलट्या, पोटदुखी व जुलाब सुरू झाले. दुखणे एवढ्यावरच थांबले नाही. काही रुग्णांना भ्रम झाला आणि त्यांची स्मरणशक्ती ढळली. नुकतीच घडलेली गोष्टही त्यांच्या ध्यानात राहीनाशी झाली. शंभरांहून अधिक लोक आजारी पडले व काही वृद्ध माणसे मृत्युमुखी पडली. शिंपल्यांची विक्री थांबवण्यात आली आणि त्यावर पोट भरणारे शेतकरी चिंतेत पडले.

रोगाचे कारण काय असावे? नेहमीच्या रोगजंतूंचा किंवा परिचित विषांचा माग लागेना. शिंपल्यांचा अर्क टोचलेले उंदीर मात्र मरत होते. आणि मरण्यापूर्वी ते मागच्या पायांनी आपले खांदे विचित्र रीतीने खाजवत. हेच लक्षण शास्त्रज्ञांना मार्गदर्शक ठरले. हॅलिफॅक्स येथील प्रयोगशाळेत त्यांनी अर्काचे भाग पाडले व प्रत्येक भागाची उंदरांवर परीक्षा केली. ज्या भागाने उंदीर मेले, त्याचे पुन्हा भाग पाडले. असे करता करता निरुपद्रवी द्रव्ये बाजूला पडत गेली व शेवटी एकच द्रव्य हाती उरले. रात्रंदिवस काम करून शास्त्रज्ञांनी काही दिवसांतच, डिसेंबर महिन्यात, ते द्रव्य ओळखले. ते होते डोमोइक आम्ल.

हे नाव शास्त्राला नवे नव्हते. जपानमध्ये ‘डोमोई’ नावाचे एक तांबडे समुद्रशैवाल जंतांवरील औषध म्हणून वापरीत असत. त्यातून हे आम्ल १९५८ सालीच वेगळे करण्यात आले होते. अल्प मात्रेत जे औषध, तेच अधिक मात्रेत घातक ठरले. मेंदूतील पेशी एकमेकींना संदेश पोहोचवण्यासाठी ग्लुटामेट नावाचे द्रव्य वापरतात. डोमोइक आम्लाची घडण त्याच्यासारखीच असते. म्हणून पेशी त्याला फसतात, प्रमाणाबाहेर उत्तेजित होतात आणि अखेरीस मरतात. स्मरणाशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागाला याचा विशेष उपद्रव होतो.

परंतु हे विष शिंपल्यांत आले कोठून? शिंपले पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीवांवर जगतात. त्यांचे पचनेंद्रिय तपासले, तेव्हा ते डायाटम जातीच्या सूक्ष्म शैवालांनी गच्च भरलेले आढळले. त्या काळी डायाटम हे निरुपद्रवी मानले जात. म्हणून शास्त्रज्ञांनी केवळ तर्कावर विसंबून न राहता हे डायाटम प्रयोगशाळेत वाढवले. आणि तेच डोमोइक आम्ल तयार करतात, हे सिद्ध झाले. त्यांच्या कुळाचे नाव स्यूडोनिट्शिया असे आहे.

हे विष शिजवल्याने नष्ट होत नाही; तसेच शिंपल्याच्या रंगावरून, वासावरून किंवा चवीवरूनही ते ओळखू येत नाही. तेव्हा बाजारात येण्यापूर्वीच परीक्षा करणे, हाच त्यावरील उपाय होय. शिंपल्याच्या एक ग्रॅम मांसात २० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक डोमोइक आम्ल आढळल्यास कॅनडात त्या ठिकाणचे शिंपले काढण्यास बंदी करतात. समुद्रातील विषारी डायाटम कमी झाले, की शिंपल्यांतील विष हळूहळू निघून जाते व ते पुन्हा खाण्याजोगे होतात. ही मर्यादा पुढे इतर अनेक देशांनीही स्वीकारली.

या शोधामुळे एका जुन्या कोड्यावरही प्रकाश पडला. १९६१ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हजारो समुद्रपक्षी भ्रमिष्टासारखे घरांवर व दिव्यांच्या खांबांवर येऊन आदळले होते. त्याच उन्हाळ्यात त्या उपसागरातून गोळा केलेले सूक्ष्म प्राणी कोणीतरी जपून ठेवले होते. सुमारे पन्नास वर्षांनी शास्त्रज्ञांनी ते तपासले, तेव्हा त्यांच्या पोटांत विष निर्माण करणारे डायाटम सापडले. ते नमुने गोळा करणाऱ्यांना त्यांचा असा उपयोग होईल, याची कल्पनाही नव्हती. तरी त्यांनी आपले काम काळजीपूर्वक केले होते, म्हणूनच त्या पक्ष्यांच्या मृत्यूचे संभाव्य कारण पुढील पिढीला कळू शकले.