रोवणीतली खाज आणि तलावातली गोगलगाय

धानाची रोवणी सुरू झाली की तासन् तास बांधीत पाय बुडवून उभे राहावे लागते. पाण्याबाहेर आल्यावर कधी कधी पायांना खाज सुटते, बारीक तांबड्या पुळ्या उठतात आणि काही दिवसांत आपोआप मावळतात. ‘पाणी लागले’ असे म्हणून आपण ते सोडून देतो. सगळ्या खाजेचे कारण एकच नसते, हे खरे. पण तिच्या एका कारणाकडे मोहर्लीसारख्या गावातील शिक्षकांनी मुद्दाम पाहावे असे आम्हाला वाटते. ताडोब्याच्या वेशीवरचे हे गाव इरई धरणाच्या जलाशयाजवळ आहे. शिवाय चंद्रपूर-गडचिरोलीत तलाव आणि बोड्यांना तोटा नाही.

अशा संथ पाण्यात इंडोप्लॅनॉर्बिस नावाची गोगलगाय राहते. तिचा शंख टोकदार नसतो, चकलीसारखा चपटा वेटोळा असतो. गाई-म्हशींच्या रक्तवाहिन्यांत शिस्टोसोमा जातीचे कृमी असतील, तर त्यांची अंडी शेणावाटे पाण्यात पडतात. अंडे फुटून केसाळ डिंभ बाहेर येतो. त्याला आयुष्य जेमतेम एक दिवसाचे. तेवढ्यात योग्य गोगलगाय भेटली नाही तर तो मरतो. भेटली, तर तिच्या शरीरात एकाचे हजारो होतात आणि काही आठवड्यांनी दुभंगलेल्या शेपटीचे डिंभ पाण्यात सुटू लागतात. ते गुरांच्या कातडीतून आत शिरतात. माणसाच्या कातडीतही शिरतात, पण घर चुकल्यामुळे तिथेच मरतात. आपले शरीर त्यांच्याशी झगडते, त्याचीच ही खाज. आसाम आणि मध्य भारतातून तिच्या नोंदी झाल्या आहेत.

घर न चुकणाऱ्या जाती मात्र भयंकर. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरला 1851 मध्ये कैरोत असा कृमी माणसाच्या रक्तवाहिन्यांत सापडला. तो मूत्राशयाभोवतीच्या शिरांत वर्षानुवर्षे राहतो. त्याची काटेरी टोकाची अंडी मूत्राशयाला जखमा करतात आणि लघवीतून रक्त जाते. या गटातील रोगांसाठी 2021 मध्ये जगात 25 कोटींहून अधिक लोकांना प्रतिबंधक औषधाची गरज होती. त्यांतील बहुतेक आफ्रिकेतले.

हे आपल्याकडे नाही, असेच पूर्वी समजत. पण 1952 मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण दाखवून दिले. आफ्रिकेतली वाहक गोगलगाय तिथे नव्हती. तिची जागा फेरिसिया टेन्युइस या टोपीसारख्या शंखाच्या, काही मिलिमीटरच्या प्राण्याने घेतली होती. गोगलगाय म्हणून तो पटकन ओळखूही येत नाही! पण तिला कृमी कोणी दिला? रुग्णाच्या लघवीतली अंडी पाण्यात पोचली नसती, तर ती बापडी निरुपद्रवीच राहिली असती. गोगलगाय रोग निर्माण करत नाही. आपण पाण्यात सोडलेले ती हजारपट करून परत देते.

म्हणून तलावाकाठी परसाकडे बसणे आणि तिथेच हातपाय धुणे थांबले, तर माणसाची साखळी तुटते. गुरांची मात्र शौचालयाने तुटत नाही. शिस्टोसोमाची एक जात तर गुरांच्या नाकातच राहते. त्यामुळे जनावर घोरू लागते आणि पाणी पिताना शेंबडातून अंडी थेट तलावात सोडते. तेव्हा गुरांसाठी काठापासून दूर वेगळे टाके हवे. हा खर्च शौचालयाइतकाच निकडीचा आहे, पण त्याची चर्चा फारशी होत नाही.

वर्गात हे दाखवता येईल. लांब दांड्याच्या गाळणीने, रबरी हातमोजे घालून पाच-सहा गोगलगायी काढा. स्वच्छ पाण्याच्या काचेच्या बाटलीत ठेवून बाटली सकाळच्या उन्हात काही तास ठेवा. मागे काळा कागद धरून भिंगातून पाहिल्यास हलणारे पांढुरके ठिपके कदाचित दिसतील. शेपटी दुभंगलेली आहे का, हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळेल. काहीच न दिसल्यास दुसऱ्या काठावरच्या गोगलगायी घेऊन पाहा, आणि गुरे नेमकी कोठे उतरतात तेही टिपून ठेवा. बाटलीतले पाणी फेकण्यापूर्वी न विसरता उकळा.